आकाशगंगेच्या बुट्ट्या

मी एकदा एक आकाशगंगा दुरुस्त केली.

तिला काही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. ती होती तशी बरी होती, आणि आपल्यापासून इतकी लांब होती की माझ्या दुरुस्तीची तिला खबरही लागली नाही. पण तेव्हा मी चाळिशी ओलांडलेली होते, आणि त्या वयात बाईला आपल्या नजरेचा जितका तोरा असतो तितका पुढे राहत नाही. पुढे चष्मा लागतो. नातीला हे सांगितलं की ती म्हणते, "आजी, तू गॅलेक्सीत चीटिंग केलीस?" चीटिंग नाही गं. चीटिंग करायला थोडी अक्कल लागते. मी ते अगदी मनापासून केलं.

आणि 'आकाशगंगा' हा शब्दही चूकच. सर असते तर इथेच हात वर करून थांबवलं असतं. आकाशगंगा आपली, एकच. बाकीच्या सगळ्या दीर्घिका. पण सर आता नाहीत, म्हणून मी खुशाल आकाशगंगा म्हणते, आणि म्हटल्यावर एकदा मागे वळून बघते.

सर म्हणजे आमचे घरमालक. सुरतेतल्या उधन्याला त्यांचं दोन मजली घर, वर ते एकटे, खाली भाड्यानं आम्ही. मूळचे अमरावतीकडचे. सुरतेच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन लांब. एरवी छापल्यासारखं मराठी बोलत, भाजीवालीशी गुजराती, आणि राग आला की जिना उतरावा तसे वऱ्हाडीत उतरत. आम्ही जळगावकडचे. नवरा लूमच्या कारखान्यात, घरात अहिराणी, आणि मी रिंग रोडवरच्या एका शेठच्या ऑफिसात साड्यांची डिझाइनं काढणारी.

सर ताऱ्यांचा अभ्यास करतात हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे त्यांच्या गच्चीवर मोठी दुर्बीण असणार असंही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गच्चीवर एक पाण्याची टाकी आणि मोडकी खाट होती. सर आकाशाकडे बघतच नसत. जेवण झालं की झोपत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझ्या दीर्घिकेचे फोटो अवकाशातल्या दुर्बिणीनं काढून ठेवलेत, फुकट मिळतात. लग्नाचा अल्बम बघायला मांडवात जावं लागतं का, बाई?" उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, सगळं सुरत पतंगांसाठी माना वर करून गच्चीवर असतं. ताऱ्यांवर जीव जडलेला हा एकच माणूस तेव्हा खोलीत पडदा ओढून कॉम्प्युटरपुढे बसलेला असे. पतंगाच्या मांज्यानं इंटरनेटची वायर कापली, तेवढ्यापुरता त्यांचा आणि आकाशाचा संबंध आला.

त्यांच्या खोलीत एक टेबलफॅन होता, आणि तो कॉम्प्युटरच्या डब्याकडे तोंड करून ठेवलेला. मे महिन्यात सर मानेवर ओला पंचा टाकून बसत आणि डब्याला वारा घालत. मी म्हटलं, "सर, थोडा तुमच्याकडे वळवा की." तर म्हणाले, "त्याला ताप आला तर काम थांबतं. मला आला तर फक्त मला येतो."

समोरच्या घरातले काका एकदा मुलाची पत्रिका घेऊन वर गेले. सरांनी चष्मा लावला, कागद उलटासुलटा बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "चांगली आहे. पण यात नऊच जण आहेत. माझ्याकडे लाखो आहेत, आणि त्यातला एकही तुमच्या मुलाच्या लग्नात लक्ष घालत नाही." काकांनी पुढे दोन वर्षं त्यांच्याशी बोलणं टाकलं. सरांना ते कळलंच नाही.

त्यांच्या अभ्यासाचा विषय होता ताऱ्यांचे गुच्छ. एकाच ढगातून, एकाच वेळी जन्माला आलेले तारे थव्यानं राहतात, मग हळूहळू पांगतात. हे मला समजावताना त्यांनी विचारलं, "तुमच्या गावची किती घरं आली होती या गल्लीत?"

मी म्हटलं, "पुष्कळ. एकाच वर्षी आली. मग कोणी लिंबायतला गेलं, कोणी कोसाडला. आता आम्हीच उरलो."

"झालं तर. तुमचा गुच्छ पांगला," सर म्हणाले, आणि इतके खूश झाले की जणू माझे नातेवाईक त्यांच्याच सोयीसाठी कोसाडला गेले होते. त्यानंतर माझ्या घरी कोणी आलं की ते विचारत, "हे तुमच्या गुच्छातले का?"

त्यांची दीर्घिका भोवऱ्यासारखी होती, मध्ये उजेडाचा गोळा आणि त्यातून निघून गोल फिरत गेलेले दोन हात. सर त्यांना भुजा म्हणत. सरांचं म्हणणं होतं की डाव्या भुजेत कोवळे गुच्छ दाट आहेत आणि उजवीत विरळ, कारण शेजारची एक छोटी दीर्घिका कधीतरी डाव्या भुजेजवळून गेली आणि तिनं तिथले ढग ढवळले. कॉलेजात होते तेव्हापासून ते या एका कल्पनेला धरून होते. दर रविवारी कोपऱ्यावरच्या लोचोवाल्यालाही सांगत. लोचो म्हणजे सुरतेचं सैलसर, वाफवलेलं खमण. लोचोच्या पानावर शेव पडली की बोट दाखवत, "बघ, इथे दाट, इथे विरळ. का?" लोचोवाला म्हणे, "साहेब, हाथ छे, मशीन नथी."

ही कल्पना छापून यावी एवढं एकच त्यांना आयुष्यात हवं होतं. त्यांचा एक जुना विद्यार्थी पुण्याला मोठा प्राध्यापक झाला होता. तो गुरूला आदरानं, पण अडवून धरत होता. "सर, एकट्या तुमच्या नजरेवर कोणी छापणार नाही. दुसरी नजर हवी. आणि तिला तुमची कल्पना माहीत नको."

ही दुसरी नजर त्यांना ओट्यावर सापडली. त्याच सुमारास शेठनं हातानं डिझाइन काढणाऱ्यांना घरी बसवलं होतं, मशीनवर दोन पोरं ठेवली होती, आणि मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला शेठबद्दल माझी मतं सांगत होते. सर पडद्याचं कापड घेऊन आले. मी बसल्या जागेवरून म्हटलं, "सर, परत करा. रिपीट फसलंय. टांगलं की आडवा पट्टा दिसेल."

रिपीट म्हणजे काय ते सांगते. साडीवर डिझाइन एकदाच काढतात, मग तोच तुकडा पुन्हापुन्हा छापत जातात. तुकड्याला तुकडा असा जुळला पाहिजे की जोड कळू नये. एका जागी बुट्ट्या दाट पडल्या तर पट्टा दिसतो, विरळ पडल्या तर खड्डा दिसतो. पट्टा आणि खड्डा, हे आमच्या धंद्यातले दोन शत्रू. मी वीस वर्षं त्यांच्याशी लढले होते आणि सुरतेत माझ्यासारखी नजर नाही असं माझं स्वतःबद्दल ठाम मत होतं. शेठचं तसं नव्हतं, पण शेठला काय कळतं.

सरांनी कापड धरून बघितलं, त्यांना काही दिसेना. टांगलं. सकाळच्या उन्हात आडवा पट्टा लख्ख दिसला. ते खाली आले आणि म्हणाले, "बाई, तुमचे डोळे मला हवेत." माझा नवरा चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारी वर जायला लागले. काम असं होतं की कॉम्प्युटर फोटोतल्या एकेका ठिपक्याला गोल करून दाखवी, आणि मी तो कसला ते सांगायचं. सरांनी माझ्या सोयीसाठी नावं पाडली होती. गोल, घट्ट गुच्छ म्हणजे लाडू. वेडावाकडा म्हणजे भजं. सुटासुटा, पांगत चाललेला म्हणजे चिवडा. आणि एकटा तारा, धुळीतली फट, मागची कुठली तरी दुसरीच दीर्घिका, हे सगळं कचरा. शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशाच्या आवाजात सर विचारत, "बाई, हा लाडू की भजं?" खाली रात्रपाळी करून पडलेल्या नवऱ्याला एवढंच ऐकू जाई. एक दिवस तो म्हणाला, "तुम्ही वर रोज फराळ करतस का? माले तं कधी काही आनत नहीस."

सरांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं, "मी काय शोधतोय हे विचारायचं नाही." मी विचारलं नाही. लोचोवाल्याला माहीत होतं, समोरच्या काकांना माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

काही दिवसांनी सर निर्धास्त झाले आणि मला एकटीला काम करू द्यायला लागले. इथून माझ्या शहाणपणाला सुरुवात झाली. कॉम्प्युटर सुरू केला की आधी ती अख्खी दीर्घिका पडद्यावर यायची. रोज बघून बघून माझ्या जिवाला घोर लागला. डावा हात बुट्ट्यांनी गच्च आणि उजवा उघडाबोडका. कारागीर अर्धं काम टाकून पगार घेऊन पळाला असावा, तसं दिसे. अशी साडी शेठपुढे ठेवली असती तर त्यानं माझ्या अंगावर फेकली असती. माझ्यातली कारागीर बाई म्हणाली, सर इतकी वर्षं हे बघत बसलेत, त्यांना खड्डा दिसत नाही, पण तुला दिसतो ना?

मी ठिपके मनानं घातले नाहीत, तेवढी लाज होती. मी फक्त हात सैल सोडला. उजव्या भुजेत धुरकट काही दिसलं की लाडू. धुळीतली फट, तीही बिचारी लाडू. डाव्या भुजेत मात्र कडक. दोन गुच्छ शेजारी आले की एक कचरा, कारण बुट्टीवर बुट्टी चढली की कापड वाया. महिनोन्‌महिने हे चाललं. भरत भरत गेले तसा मला रात्री चांगला डोळा लागायला लागला. धंद्यातून काढलेल्या बाईला अख्खी आकाशगंगा मिळाली होती, आणि तिथे शेठ नव्हता.

काम संपलं. सरांनी माझे ठिपके मोजणीला लावले, आणि त्यानंतर ते गप्प झाले.

आम्हाला वाटलं प्रकृती बिघडली. रविवारी लोचो आणायला गेले नाहीत. लोचोवाला स्वतः विचारायला आला, "साहेब गाम गया के?" समोरच्या काकांची सून अंगणात पोराला 'आकाशात लाखो आकाशगंगा असतात' असं काहीतरी शिकवत होती, सर गॅलरीत उभे होते आणि त्यांनी टोकलं नाही. तेव्हा मात्र मला काळजी वाटली. मी खिचडी-कढी घेऊन वर गेले.

सर खुर्चीत बसले होते. पडद्यावर माझं काम होतं. काळ्या रंगावर नुसते ठिपके, दोन हात, दोन्ही सारखे भरलेले, कुठे पट्टा नाही, कुठे खड्डा नाही. मी ताट हातात धरून बघत राहिले. इतकं सुरेख काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

सर म्हणाले, "बाई, माझं चुकलं होतं. डावी भुजा दाट नाहीच. दोन्ही सारख्या आहेत. इतकी वर्षं मी नसलेली गोष्ट बघत होतो."

"पुण्याला कळवलंत?"

"कळवलं. तो म्हणाला, सर, तुमच्याकडून प्रामाणिकपणा शिकावा. पुढच्या आठवड्यात त्याचं मोठ्या सभेत भाषण आहे, तिथे तो हेच सांगणार आहे. दोन्ही भुजा सारख्या, आणि माझ्या गुरूंनी स्वतःची चूक स्वतः कबूल केली."

माझ्या डोक्यात अजून काही शिरलं नव्हतं. माणूस दुःखात आहे, त्याला बरं वाटेल असं काहीतरी बोलावं, एवढंच मला कळत होतं. मी म्हटलं, "पण सर, आता बसलंय किती छान. आधी केवढं भोंगळ होतं. उजवीकडे नुसता खड्डा."

सरांनी मान वळवली. "खड्डा म्हणजे?"

आणि मी सांगितलं. ताट टेबलावर ठेवलं आणि रिपीट म्हणजे काय, पट्टा कसा मारायचा, खड्डा कसा भरायचा, विरळ जागी सैल आणि दाट जागी कडक हात कसा ठेवायचा, हे पदर पसरून, त्यावरच्या बुट्ट्या दाखवून सांगितलं. असा श्रोता मला कधी मिळाला नव्हता. एक प्रश्न नाही, पापणी हलली नाही. शेवटी मी म्हटलं, "तुमच्या ते लक्षात आलं नसतं, सर. नजर लागते."

 सर उठले, टेबलफॅन उचलला आणि स्वतःच्या तोंडाकडे वळवला.

"अवं बाई," ते म्हणाले, "तुम्ही देवाची साडी नीट करून राहिल्या होत्या काय?"

वऱ्हाडी ऐकली आणि मी पसरलेला पदर आवरून घेतला. मग त्यांनी ती कल्पना मला पहिल्यांदा सांगितली, शेजारची दीर्घिका, ढवळलेले ढग, दाट आणि विरळ. तेव्हा कळलं की मी जो खड्डा भरला तोच त्यांचा शोध होता. मी म्हटलं, "सर, उद्यापासून मी येत नाही."

"येऊ नका असं म्हटलं का मी? बसा तिथे. फोन लावतो."

फोन त्यांनी स्पीकरवर टाकला, मला शिक्षा म्हणून असावा. "अरे, मी माझी चूक कळवली होती ना तुला," ते पुण्याच्या प्राध्यापकाला म्हणाले, "ती चुकीची निघाली."

पलीकडून प्रश्न आला, "सर, म्हणजे नक्की काय चुकलं?"

"दुसऱ्या नजरेत खोट आहे. ती तोल साधायला गेली. भाषणात ते सांगू नकोस."

"नाही सांगत," तो म्हणाला. मग जरा अडखळून, पण म्हणालाच, "पण सर, मग पहिल्या नजरेत खोट नाही कशावरून?"

मला वाटलं सर आता त्याच्यावर वऱ्हाडीत उतरणार. सरांनी फोन ठेवला आणि ते पंच्यानं चष्मा पुसत बसले. कढी गार झाली होती, ती तशीच प्यायले.

पुढचे दिवस त्या घरात दोन माणसं एकमेकांवर पहारा देत होती. सरांनी त्या दीर्घिकेचे बारीक बारीक चौकोन केले, कॉम्प्युटरला सांगून पत्त्यांसारखे पिसले, काही उलटे केले, काही आडवे. आता समोर येणारा चौकोन कुठल्या भुजेतला हे मलाही कळेना आणि त्यांनाही. अख्खी दीर्घिका बघायला दोघांनाही बंदी. सकाळी सर बसत, दुपारी मी, आणि एकमेकांची उत्तरं बघायची नाहीत. सर सकाळचं काम संपवून उठताना पडद्यावर पंचा टाकून ठेवत. एकदा सवयीनं मी एका धुरकट फटीला लाडू म्हणायला निघाले, आणि माझा मलाच राग आला. कुठे भरायचं तेच माहीत नसेल तर सैल हाताचा उपयोग काय? ठिपका होता तसा बघायचा, एवढंच हातात उरलं. वीस वर्षं मी कापड बघत होते असं मला वाटायचं. मी जोड बघत होते.

नवरा रोज विचारे, "काय व्हयनं व, त्या म्हातारानी तुले काढं का नही अजून?" मी म्हणे, "नही काढं." तो म्हणे, "मंग त्याले दुसरी कोनी भेटत नही व्हई."

चौकोन परत जागेवर बसवले त्या दिवशी कारखान्यांना सुट्टी होती. लूमची खडखड बंद असली की उधना बहिरं झाल्यासारखं वाटतं. त्या शांततेत सरांनी दोघांचे ठिपके शेजारी शेजारी उघडले. डावी भुजा दाट होती. पण सर इतकी वर्षं म्हणत आले होते तेवढी नव्हती. जराशी. लोचोवाल्याचा हात हलावा तेवढी. मग सरांनी स्वतःचे जुने ठिपके वर आणले. डाव्या बाजूचे कितीतरी चिवडे त्यांनी पूर्वी लाडू म्हणून पास केले होते, आणि उजवीकडचे चांगले लाडू कचऱ्यात टाकले होते.  ते मी त्यांना बोलून दाखवलं नाही, हे त्या सगळ्या काळातलं माझं एकमेव शहाणपण.

"हं," सर म्हणाले. "हात माझाही सैलच होता."

ते चप्पल घालून लोचो आणायला गेले. दोघांसाठी आणला. खाताना त्यांनी शेवेकडे बोट दाखवलं नाही.

छापायला पाठवायचं ते लिहिणं आटोपशीर होतं. त्यात शेजारची दीर्घिका एका ओळीत, 'कदाचित' लावून आली होती. ढवळलेले ढग काढून टाकले होते. आयुष्यभराच्या कल्पनेतून जे उरलं ते उदास होऊन लिहिलं असेल असं मला वाटलं होतं. पण सर दोन बोटांनी टाइप करत होते आणि मध्येच शीळ घालत होते. वर तीन नावं होती. पुण्याच्या प्राध्यापकाचं, सरांचं, आणि मधे माझं, सासरच्या आडनावासकट.

मी म्हटलं, "सर, माझं काढा. मी ती दीर्घिका बिघडवली होती. लोकांना कळलं तर हसतील."

मी दीर्घिका म्हणाले हे त्यांच्या लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी टाइप करणं थांबवलं नाही.

"शाबासकी म्हणून घातलं असं वाटून राहिलं का तुम्हाले? उद्या हेही चुकीचं निघेल, बाई, आणि तेव्हा शिव्या खायला माझ्या शेजारी कोणीतरी पाहिजे. एकट्यानं चुकून चुकून कंटाळलो मी."